पैठणीची सामायिक मागशाळा: ४० बाय २० च्या हॉलमध्ये नक्की काय बसवायचं?

उभाआडवा

येवला तालुक्यातल्या एका महिला बचतगटाला गावातलं जुनं समाजमंदिर मागशाळेसाठी मिळायची शक्यता आहे. आराखडा माझ्याकडे आहे, तो अंतिम होण्याआधी जाणकारांनी फोडून काढावा म्हणून हा धागा.

जागा: आतून ४० × २० फूट, भिंतीची उंची ११ फूट, वर पत्रा, दोन्हीकडे उतार. लांब भिंत बरोबर उत्तरेला. जोतं १ फूट. मागे १० × १२ ची खोली आणि थोडं अंगण.

माणसं: १८ जणी. सात जणींच्या घरी माग आहे. पाच जणींना विणता येतं पण माग नाही. उरलेल्या सहा जणी कांडी भरणं (आडव्या तारेची नळी गुंडाळणं), लडी उकलणं (रेशमाच्या लडीतून तार सोडवून घेणं), सांधणी (मागावरच्या जुन्या उभ्या तारांना नव्या तारा जोडणं) अशी कामं करतात.

सध्याचा विचार: दोन रांगांत १२ खड्डामाग (विणणारीचे पाय खाली खड्ड्यात राहतात असे माग), मागच्या खोलीत रंगकाम, एका कोपऱ्यात मुलांसाठी जागा. माग पाळीपाळीने वापरायचे, म्हणजे १२ मागांवर १८ जणी. प्रश्न तीन: किती माग बसतात, खड्डे कसे घ्यायचे, आणि उजेड.

---

खड्डामाग

१२ बसत नाहीत. कागदावर चौकोन काढले की बसतात, माणूस बसवला की नाही.

सहावारी पैठणीच्या मागाची चौकट बाहेरून बाहेर साडेसहा फूट रुंद धरा. लांबी ८ फूट. विणणारीला बसायला आणि उठून बाहेर यायला मागे ३ फूट. झाले ११. पुढच्या मागाच्या ताण्याशी (उभ्या तारांशी) जाऊन तुटलेली तार जोडायला माणूस शिरला पाहिजे, त्याचे २ फूट. म्हणजे एका मागाला लांबीत १३ फूट. ४० फुटांत तीन. रुंदीत: भिंतीपासून दीड, माग साडेसहा, मधली वाट ४, दुसरा माग साडेसहा, पुन्हा दीड. बरोबर २० झाले. दोन रांगा, सहा माग. त्याच्या वर एकही नाही.

मधली वाट ४ फुटांपेक्षा कमी करू नका. ताणा गुंडाळलेलं बीम दोघींनी धरून न्यायचं असतं आणि ते वळवताना लागणारी जागा आराखड्यात कधीच दिसत नाही.

मागाचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला ठेवा, म्हणजे उत्तरेचा उजेड बाजूने येईल. तोंड खिडकीकडे केलं तर जरी डोळ्यांवर चमकते, पाठ खिडकीकडे केली तर स्वतःचीच सावली फणीवर (आडवी तार ठोकून बसवणाऱ्या कंगव्यावर) पडते.

---

टिकोजी

पाळीपाळीने माग वापरायची कल्पना कोणाची? संगणक असलेलं सामायिक ऑफिस आणि माग यांत फरक आहे. एकदा ताणा चढला की तो माग त्या ताण्याचा. चार साड्यांचा ताणा असेल तर साध्या पदरालाही माग काही महिने अडकतो, भरगच्च पदर असला तर एकच साडी सहा महिने ते वर्ष खाते.

---

खड्डामाग

@टिकोजी, शंभर टक्के. आणि कारण नुसतं वेळेचं नाही. प्रत्येकीचा हात वेगळा पडतो. एक जण फणी जोरात ठोकते, दुसरी हलकी. सकाळी एक आणि दुपारी दुसरी बसली तर इंचातली बाण्याची (आडव्या तारांची) संख्या बदलते आणि कापडात आडवा पट्टा उमटतो. गडद रंगाच्या अंगात तो लांबून दिसतो. तो धुऊन किंवा इस्त्रीने जात नाही.

हात बदलायचाच असेल तर दोनच जागा: एक साडी संपून दुसरी सुरू होते तिथे, किंवा अंग संपून पदर सुरू होतो तिथे. एरवी नाही. पदरावर शेजारी शेजारी दोघी बसू शकतात, कारण तिथे नक्षीच्या वेगवेगळ्या भागांच्या तिल्ल्या (रंगीत तारेच्या छोट्या कांड्या) वेगळ्या असतात. पण ठोका एकीच्याच हाताने द्यायचा. म्हणून बैठक ५ फूट लांब ठेवा, शिकाऊ मुलगीही तिथेच बसते.

---

जमाखर्च

माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. सहा मागसुद्धा बसवू नका. चार बसवा.

माग वाटून घेता येत नाही हे वर आलंच. वाटून घेता येतं ते मागाआधीचं काम: लडी उकलणं, कांड्या भरणं, ताणा काढणं, सांधणी. शिवाय वजन, साठवण आणि विक्रीचं टेबल. घरी माग असलेल्या सात जणी नेमक्या याच कामांत अडतात. ताणा काढायला घरात जागा नाही, म्हणून तो व्यापाऱ्याकडून तयार घ्यावा लागतो. त्याच्याबरोबर रंग, नक्षी आणि मजुरी हे तिन्ही व्यापारीच ठरवतो. ताणा स्वतःचा झाला की निदान बोलणी करता येतात.

दुसरी गोष्ट अशी की चौथ्या हातमाग गणनेत (२०१९-२०) देशात सुमारे ३५.२२ लाख हातमाग कामगार नोंदले गेले, त्यांत सुमारे ७२ टक्के बायका. तरीही घराघरात "विणकर" म्हटलं की पुरुष, आणि कांडी भरणारी ती "मदत करते". मागशाळेत जागा फक्त मागांना दिली तर हीच विभागणी सिमेंटमध्ये पक्की होईल. कांडीचं काम कोपऱ्यात, अंधारात, जमिनीवर बसून आणि बिनपैशाचं. तुमच्या १८ पैकी सहा जणी हेच काम करतात. त्यांना आराखड्यात जागा कुठे आहे?

---

उभाआडवा

@जमाखर्च, जागा नाही, खरं आहे. चार माग धरले तर २६ फूट जातात, १३-१४ फूट × २० उरतात. त्यात तयारीचं सगळं बसेल?

---

खड्डामाग

बसेल. ताणा काढायला उभा ड्रम घ्या, घेर साडेचार-पाच मीटरचा. त्याचा व्यास साधारण ५ फूट होतो. त्याच्यासमोर बॉबिनची चौकट, मध्ये ५-६ फूट मोकळे, म्हणजे एकूण १४ × ६ फूट. ही पट्टी दक्षिणेच्या भिंतीलगत चालते, कारण या कामाला उजेड कमी लागतो. उत्तरेच्या बाजूला तीन रहाट (कांड्या भरायची चाकं) आणि असारी (लडी चढवायची फिरती चौकट), प्रत्येकी ४ × ३ फूट. सांधणी मात्र मागावरच होते, तिला वेगळी जागा नको, चांगला दिवा हवा.

हिशेब करून घ्या: इंचाला १०० तारा आणि ४६ इंच पन्हा धरला तर ४६०० तारा. चार साड्यांचा ताणा, ब्लाउजपीससकट साडी ६.३ मीटर, म्हणजे २५.२ मीटर, वर वाया जाणारा दीड-दोन मीटर. २७ मीटर काढा. ४६०० सांधे हाताने करायला दोघींना एक ते दोन दिवस लागतात. सांधणी मागावर वाकून होत असल्याने सगळ्यात जास्त पाठदुखी याच कामात आहे. ६ इंच आणि ९ इंच उंचीचे दोन लाकडी पाट करून ठेवा, उंचीप्रमाणे बदलता येतात.

ताणा काढताना नेहमी होणारी चूक: बॉबिनवरचा ताण सारखा नसणं. भरलेली आणि रिकामी होत आलेली बॉबिन एकाच चौकटीत लावली की काही तारा सैल येतात. मग विणताना त्या लोंबतात, धोटा (बाणा इकडून तिकडे नेणारा) त्यात घुसतो, तार तुटते आणि दोष विणणारीच्या माथी येतो. चौकटीतल्या सगळ्या बॉबिन एकदम भरा, एकदम बदला.

---

सावली

खड्ड्यांबद्दल लिहिते. सध्याच्या इमारतीत फरशी फोडून अडीच फूट खड्डा घेणं धोक्याचं आहे. भिंतीचा पाया किती खोल आहे याची खात्री नसेल तर भिंतीपासून ३ फुटांच्या आत खणूच नये, आणि वरच्या मांडणीत माग दीड फुटावर आहे. शिवाय पावसाळ्यात पाझर. खड्ड्यात पाणी आलं की पावडीचे (पायाने दाबायच्या पट्टीचे) दोर कुजतात आणि विणणारीचे पाय चार महिने ओले.

उपाय: खणू नका, वर चढा. जोतं १ फूट आहेच. मागांच्या भागात सव्वा फुटाचा ओटा करा आणि खड्डा त्या ओट्यात सोडा. ओट्यातला सव्वा आणि जोत्यातला एक असे सव्वादोन फूट खोली मिळते आणि खड्ड्याचा तळ बाहेरच्या जमिनीच्या पातळीला राहतो, त्याच्या खाली जात नाही. जोत्याची भर काढताना तो एक फूटही भिंतीपासून ३ फूट सोडून काढा. हे जमतं, कारण पावड्या मागाच्या मध्यावरच असल्याने खड्डा चौकटीएवढा रुंद लागत नाही, ३ फूट पुरतो. खड्ड्याला विटांची भिंत, आतून सिमेंटचा गिलावा, तळाला शहाबादी. एका बाजूला थोडा उतार आणि झाकण असलेली पन्हाळ ठेवा, धुता येतं.

ओट्यावर चढायला सात-साडेसात इंचांच्या दोन पायऱ्या आणि हाताला धरायला पाइप. ओट्याची कड पिवळ्या रंगाने रंगवा.

तोटाही सांगते: उंची जाते. ११ मधून सव्वा गेला की पावणेदहा. पुढे कधी जॅकार्ड (नक्षीच्या तारा उचलणारं, मागाच्या वर बसवायचं यंत्र) बसवायचं मनात असेल तर इथे जमणार नाही, त्याला १२ फुटांच्या आसपास लागतात.

---

खड्डामाग

ओट्याची कल्पना चांगली, पण खड्ड्याचा एक फायदा त्यात जातो. मातीतला खड्डा ताण्याला खालून ओल देतो. रेशमाला हवेत ६० ते ६५ टक्के आर्द्रता लागते. ५० च्या खाली गेली की तंतू कोरडे पडतात, एकमेकांना चिकटतात, फणीत घासून तुटतात. येवल्याकडचा मार्च ते मे आठवा. सिमेंटच्या खड्ड्यात उथळ घमेल्यात ओली वाळू ठेवायची, पावडीला लागणार नाही अशा कोपऱ्यात. वाळू आठवड्यातून एकदा बदलायची, नाहीतर डास. भिंतीवर साधा आर्द्रतामापक लावा, अंदाजाने पाणी शिंपडू नका.

आणि छताचा पंखा मागावर नको! तो ताणा सुकवतो आणि पदर विणताना लोंबणाऱ्या तिल्ल्या हलवून गुंता करतो. भिंतीवरचा पंखा, विणणारीच्या पाठीवर वारा येईल असा.

---

रंगपेटी

मागच्या खोलीत रंगकाम? एक तर हे काम मागाच्या भिंतीला लागून नको, वाफ आणि ॲसिटिक ॲसिडचा वास थेट जरीवर जाईल. पण त्याहून मोठा प्रश्न पाण्याचा आहे.

एक किलो रेशमाला एका पाण्याला २५ ते ३० लिटर. आधी डिंक (कच्च्या रेशमावरचा चिकट थर) काढायचा, साबणाच्या पाण्यात ९०-९५ अंशांवर पाऊण ते एक तास, खळखळून उकळू न देता (उकळी आली की लडीचा गुंता). मग दोन धुण्या, रंगाची कढई, परत दोन-तीन धुण्या, पक्केपणाची कढई. सात-आठ पाणी झाली. किलोमागे १७५ ते २४० लिटर. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावात हे पाणी आणायचं कुठून, आणि रंगीत पाणी सोडायचं कुठे? अंगणातल्या शोषखड्ड्यात सोडलं तर शेजारची विहीर जाईल.

माझा सल्ला: रंगकाम बाहेरच्या रंगाऱ्याकडेच ठेवा. तुमच्याकडे फक्त नमुन्याची शेगडी, ५०-१०० ग्रॅम लडीपुरती, पत्र्याच्या शेडखाली अंगणात. रंग ठरवायचा, त्याचा नमुना आणि कृती वहीत चिकटवायची, माल बाहेरून रंगवून घ्यायचा. बेन्झिडीनवर आधारित ॲझो रंगांवर आपल्याकडे १९९० च्या दशकापासून बंदी आहे. रंगाऱ्याकडून डब्यावरचं नाव लिहून घ्या, "पक्का रंग" एवढ्यावर समाधान मानू नका.

एका साडीचा ताणा आणि अंगाचा बाणा एकाच घाण्यात (एकाच वेळी, एकाच कढईत) रंगवून घ्या. बाणा कमी पडून दुसऱ्या घाण्यातला घेतला की साडीत मध्येच छटा बदलते. अंदाजापेक्षा १० टक्के जास्त रंगवा, उरलेलं ब्लाउजपीसला किंवा नमुन्याला जातं.

---

जमाखर्च

@रंगपेटी यांच्या मुद्द्याला जोडून हिशेबाची गोष्ट. कच्चं रेशीम एक किलो दिलं की डिंक जाऊन ७५० ते ८०० ग्रॅम परत येतं. हे वहीत आधीच लिहिलेलं नसेल तर पहिल्याच महिन्यात "रंगाऱ्याने मारलं" सुरू होतं.

त्याहून अवघड घट हवेची. रेशीम ६५ टक्के आर्द्रतेत कोरड्या वजनावर सुमारे ११ टक्के पाणी धरतं, ४० टक्क्यांत सुमारे ८. म्हणजे सकाळी दमट हवेत ५०० ग्रॅम मोजून दिलेलं रेशीम कोरड्या हवेत परत मोजलं तर १३-१४ ग्रॅम कमी भरतं. कोणी काही घेतलेलं नसतं. पण एवढ्यावरून सामायिक जागा फुटू शकते, कारण वजन करणारी आणि वजन देणारी दोघी शेजारणी असतात.

नियम असा करा: लडी रात्रभर मागशाळेतच उघड्या फळीवर ठेवायची, सकाळी तिथल्याच काट्यावर मोजायची. देतानाही तसंच, घेतानाही तसंच. वजनाशेजारी आर्द्रतामापकाचा आकडा लिहायचा. ३ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य असं नियमातच लिहून टाकायचं, त्यावर चर्चा नाही. वाया गेलेली सूतं प्रत्येकीने आपल्या पिशवीत जमा करायची आणि तीही मोजायची. काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, जरीला तो लागतोच.

तयारीच्या कामाचे दर भिंतीवरच्या फळ्यावर: कांडी डझनावर, उकलणी १०० ग्रॅमवर, सांधणी हजार तारांवर. मागवालीच्या सासूने किंवा मुलीने कांड्या भरल्या तरी त्या तिच्या नावाने नोंदायच्या. घरचं म्हणून वगळायचं नाही.

---

टिकोजी

दर ठरवणार कोण? फळा लावून दर ठरत नाहीत.

---

जमाखर्च

एका साडीच्या सगळ्या कामाचे तास एकदा मोजून काढा, घड्याळ लावून, निदान तीन वेगवेगळ्या जणींचे. मग विणणीच्या तासाला जो दर पडतो त्याच्या जवळपास तयारीच्या तासाचा दर आला पाहिजे. कौशल्याचा फरक ठेवा, पण तो किती याचं उत्तर सगळ्या १८ जणींसमोर द्यावं लागेल एवढाच. मग आपोआप भान राहतं.

---

सावली

आता उजेड. विणकामाला कापडावर ५०० लक्स (उजेडाचं माप), बारीक नक्षी आणि गडद रंगाला ७५० ते १००० च्या दरम्यान. रंग जुळवायला हजार आणि रंग खरे दाखवणारा दिवा, सीआरआय ९० च्या वर, ४००० ते ५००० केल्व्हिन. बाजारातल्या साध्या एलईडी पट्टीचा सीआरआय ८० च्या आसपास असतो, तिच्याखाली राणी आणि वांगी रंगांच्या जवळच्या छटा वेगळ्या ओळखू येत नाहीत. खोक्यावर आकडा छापलेला नसेल तर घेऊ नका.

खिडकीचा उजेड वरच्या चौकटीच्या उंचीच्या साधारण दुपटीपर्यंत कामाचा. तुमची खिडकी ७ फुटांपर्यंत नेलीत तर १४ फूट. दुसऱ्या रांगेतल्या मागाचा मध्य १५ फुटांवर आहे, म्हणजे ती रांग अंधारात. आहे त्या पत्र्यात, फक्त उत्तरेच्या उतारावर, प्रत्येक मागागणिक अर्ध्या पत्र्याएवढा दुधी पॉलिकार्बोनेट तुकडा लावा. पारदर्शक नको, ऊन ठिपक्यांनी जरीवर पडतं. दक्षिण उतारावर एकही नको.

दिवे: प्रत्येक मागावर २० वॅटची पट्टी, कापडाच्या रुंदीला समांतर, फणीच्या थोडी पुढे, कापडापासून ३ फूट वर, दुधी आवरणासकट. डोक्यामागे लावली की सावली. वीज गेल्यावर चार माग आणि तयारीच्या भागातल्या दोन पट्ट्या धरून १२० वॅट. चार तासांना ४८० वॅट-तास. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी निम्म्यापर्यंत वापरली तरी ९०० देते, इन्व्हर्टरची गळती धरूनही भागतं.

पत्र्याखाली बांबूची तट्टी किंवा इन्सुलेशन आणि पत्र्याला वरून पांढरा रंग. हे नंतर करू म्हणू नका. एप्रिलमध्ये दुपारी बाराच्या पुढे तिथे कोणी बसणार नाही आणि मागशाळा "चालली नाही" असा शेरा पडेल.

---

मैना_मोर

वाचनमात्र होते, पण बायकांच्या सोयीचं अजून कोणी बोललं नाही म्हणून.

१. मुलांची जागा हॉलच्या कोपऱ्यात नको. ओट्याची कड, उघडे खड्डे, कात्र्या. मागची खोली रंगकामातून सुटलीच आहे, ती मुलांना द्या. मधल्या दारात अर्ध्या उंचीचं फाटक, वरून आई दिसेल असं. सांभाळणारीला पगार, तोही खर्चात धरलेला. "आळीपाळीने बघू" म्हटलं की जिचा माग सर्वांत सावकाश चालतो तिच्याच गळ्यात मुलं पडतात.

२. संडास दोन, आणि रस्त्याकडून न दिसता आतून जाता येईल असे. आत पाणी, कडी, खुंटी, झाकणाची बादली.

३. हात धुवायचं बेसिन दारातच. भाकरी-भाजी करून आलेल्या हाताला तेल-हळद असते, ती बाण्यावर उतरते. भांडी घासून खरखरीत झालेल्या बोटांना तंतू अडकतात. बेसिनशेजारी प्युमिसचा दगड आणि तेलकट नसलेलं मलम ठेवा. बांगड्या, मंगळसूत्र ताण्यात अडकतं. कोपरापर्यंत सुती बाही शिवून ठेवा, काढायला सांगू नका.

४. चारही खड्डामाग नकोत. गरोदर बाईला, गुडघे दुखणाऱ्या बाईला खड्ड्यात उतरणं-चढणं होत नाही. निदान एक उभा माग (खड्ड्याशिवाय, चौकटीवर उभा राहणारा), उंची बदलणाऱ्या बाकासह. बसल्यावर कोपर समोरच्या तुळईच्या किंचित वर आलं पाहिजे. तयार माग बहुतेकदा पुरुषाच्या मापाचे येतात; पाच फुटांच्या आतल्या बाईला पावडीपर्यंत पाय पोचवायला बाकाच्या कडेवर सरकून बसावं लागतं, मांडीत मुंग्या येतात ते त्यामुळे. बाक बुटका करण्यापेक्षा पावडी उचला.

५. वेळ. अकरा ते पाच, मध्ये अर्धा तास. सकाळचं पाणी, शाळा, गुरं आटोपून येणारी बाई नऊला येणार नाही.

---

खड्डामाग

@मैना_मोर, चौथा मुद्दा मान्य. पावडी उचलायला तिच्या मागच्या टोकाखाली लाकडी ठोकळा, आणि वहीचे (ताण्याच्या तारा वर-खाली करणाऱ्या मागाच्या भागाचे) दोर तेवढेच आखूड. नुसता ठोकळा ठेवला तर वही पुरती खाली जात नाही, मधली फट लहान पडते आणि धोटा तारांना घासतो.

---

टिकोजी

दहा किंवा जास्त जणी कामाला असल्या की लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते. गट आहे, कंपनी नाही, असं म्हणून सुटका करून घेऊ नये. व्यापारी, रंगारी, मिस्त्री येणारच. म्हणून विक्रीचं आणि पैशांचं टेबल दारं बंद होणाऱ्या खोलीत नको, हॉलमध्ये सगळ्यांच्या नजरेत हवं.

आणि जागेचा करार? ११ महिन्यांच्या कागदावर ओटे बांधू नका. ग्रामपंचायतीचा ठराव, नोंदलेला करार, निदान दहा वर्षांचा. ओटे, माग, ड्रम कोणाच्या मालकीचे हे त्यात लिहिलेलं. हॉल चकचकीत झाला की लग्नांना हवा होतो.

---

जमाखर्च

कागदांचाच विषय निघाला आहे तर: विणकर ओळखपत्र प्रत्येकीच्या स्वतःच्या नावावर आहे का तपासा. बऱ्याच घरांत ते नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतं आणि योजना ओळखपत्रावर चालतात. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, गटाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी. सिल्क मार्क आणि हँडलूम मार्क वेगळे. पहिला रेशमाची खात्री देतो, दुसरा हातमागाची. गिऱ्हाइकाला दोन्ही लागतात.

माग आणि ड्रमची तांत्रिक पाहणी विणकर सेवा केंद्राकडून करून घेता येते, राज्यात मुंबई आणि नागपूरला आहे.

---

रंगपेटी

जरीच्या साठवणीवर कोणी लिहिलं नाही. ताण्याला दमट हवा हवी आणि जरीला कोरडी, दोन्ही एकाच खोलीत. म्हणून प्रत्येकीला कुलपाचा हवाबंद डबा, दीड फूट × १ फूट × ६ इंच, आत सिलिका जेलच्या पुड्या. त्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की गरम करून परत निळ्या करायच्या. जरी साध्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. रबर बँड नको (त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते), वर्तमानपत्र नको, आणि डांबराच्या गोळ्या तर अजिबात नकोत. मागावरून उठताना जरीच्या तिल्ल्या उघड्या सोडायच्या नाहीत, सुती आच्छादन टाकायचं.

उंदरांचं काय केलं आहे? खळ लावलेला ताणा त्यांना पिठासारखाच. एका रात्रीत दोनशे तारा कुरतडल्या की त्या सांधत बसावं लागतं. खिडक्यांना आणि पन्हाळीच्या तोंडाला ६ मिमीची जाळी, दाराखाली पत्र्याची पट्टी, आणि हॉलमध्ये डबा खायचा नाही. जेवायला अंगणात शेड.

---

उभाआडवा

सगळ्यांचं वाचून आराखडा बदलला आहे.

पूर्वेकडचे २६ फूट: सव्वा फुटाचा ओटा, दोन रांगांत चार जागा. तीन खड्डामाग, एक उभा माग बदलत्या बाकाचा. तो उत्तरेच्या रांगेत, दाराच्या बाजूला. पश्चिमेकडचे १४ फूट: दक्षिण भिंतीला ड्रम, उत्तरेला तीन रहाट खिडकीखाली, मध्ये काटा आणि विक्रीचं टेबल. मागची खोली मुलांना. रंगाची नमुना-शेगडी अंगणात. माग ताण्यागणिक वाटायचा, महिन्यागणिक नाही. ड्रम अर्ध्या दिवसाच्या हिशेबाने, त्यात घरच्या मागवाल्या सात जणींना पहिला हक्क, कारण हॉलमध्ये त्यांना दुसरं काही मिळत नाही.

एक शंका उरली आहे. विणणारीला अचानक दवाखाना, बाळंतपण आलं तर अर्धा ताणा चढलेला माग किती दिवस थांबवायचा?

---

खड्डामाग

बाळंतपण अचानक येत नाही. सातव्या महिन्यानंतर नवा चार साड्यांचा ताणा चढवायचाच नाही, एका साडीचा चढवा. आजारपणात साडी जिथे थांबली तिथे फणी सोडून ताण सैल करा. ताणलेला ताणा महिनाभर तसाच राहिला तर पुन्हा सुरू करताना तिथे रेघ उमटते. सैल करून, झाकून ठेवलेला ताणा दोन-अडीच महिने टिकतो. त्यापुढे बीमसकट उतरवून ठेवा आणि मागावर दुसरा चढवा. जादा बीम दोन घेऊन ठेवा, स्वस्त पडतात.

---

सावली

@उभाआडवा, आराखडा बरा झाला. ओट्याचा कोबा घालण्याआधी एक करा. चौकट, हात्या (फणी धरणारा हलता भाग), वही आणि पावड्यांसह एक माग विटांच्या कच्च्या ओट्यावर उभा करा, त्यावर तुमच्यातली सर्वांत बुटकी आणि सर्वांत उंच अशा दोघींना अर्धा-अर्धा दिवस विणायला बसवा. पाय कुठे पडतात, कोपर कुठे येतं ते खडूने मांडा आणि खड्ड्याची लांबी-रुंदी त्या खुणांवरून घ्या. एकदा शहाबादी बसली की तीन इंच सरकवायलासुद्धा सगळं फोडावं लागतं.